निळ्या एप्रनमधली अक्का

गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात पडद्यांचं कापड बघत बसले होते, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाला. दुकानदारानं समोर ठाणावर ठाण उलगडून ठेवलं होतं, आणि मी येड्यासारखं त्यालाच सांगितलं, "भाऊ, आज राहू द्या, आमची अक्का गेली." तो बिचारा घड्या घालायला लागला. रिक्षानं हर्सूलला अक्काच्या घरी पोचेपर्यंत डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही. दुखणं दोन महिन्यांचं होतं, डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, तरी पटतच नव्हतं. त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. आता लिहायचंय, कारण माझी बहीण काय चीज होती हे चार लोकांना कळायला पाहिजे.

आम्ही मेंढरं राखणाऱ्याच्या पोरी. चितेगावच्या पुढं माळावर लहानाच्या मोठ्या झालो. संध्याकाळी मेंढरं आत घेताना आमचे वडील, म्हणजे दादा, एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. एखादं कमी भरलं तर कंदील घेऊन निघायचे. एकदा शेजारचा म्हणाला, "माझं एक घाला तुमच्यात, सकाळी बघू." दादा म्हणाले, "उसन्या मेंढरानं गिनती पुरी होती, पण हरवलेलं घरी येत नाय." अक्का तेव्हा त्यांच्या धोतराला धरून उभी होती. आमच्या भावकीतली नर्स झालेली ती पहिली मुलगी. पुढं शहरातल्याच एका सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर झाली. जीभ तिखट, हात मऊ. तिच्या शिव्या खाल्लेल्या बाया बाळाच्या बारशाला तिलाच आधी बोलवायच्या.

मग सफाईचं काम ठेकेदाराकडं गेलं आणि घोळ सुरू झाला. दवाखान्यात सफाईवालीला मावशी म्हणतात. करारात जेवढ्या मावश्या लिहिल्या होत्या, त्यातल्या निम्म्याच कामाला यायच्या. निळे एप्रन मात्र करारात लिहिल्याप्रमाणं सगळेच्या सगळे आले होते, कोरे करकरीत. "कापड स्वस्त पडतं, माणूस महाग," अक्का म्हणायची. गंमत अशी की वॉर्ड घाण दिसायचाच नाही. आलेल्या मावश्या दुप्पट राबायच्या, नर्सपोरी फरशी पुसायच्या, बाळंतिणीची सासू आपणहून झाडू हातात घ्यायची. माणसं भली, आणि त्या भलेपणावर ठेकेदाराचं झकास चाललं होतं. अक्कानं त्याच्या सुपरवायझरला धरलं तर तो म्हणे, "सिस्टर, वॉर्ड तर चकाचक हाय. मग तक्रार कशाची?"

अक्का लेखी तक्रार करायला निघाली, तर शोभामावशीनं तिचा हात धरला. शोभा नवरा गेलेली बाई, अख्खं घर त्या पगारावर. म्हणाली, "लिहून देऊ नका, सिस्टर. मागं एका वॉर्डातून तक्रार गेली, तर ठेकेदारानं तिथल्याच दोघींना काढलं. आमच्याच पोटावर पाय येतो." म्हणजे बोलावं तर या बायांचं काम जाणार, गप्प बसावं तर त्या राबून मरणार. त्या दिवशी अक्का माझ्याकडं आली, पिठलं-भाकरी खाल्ली, एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प बसणं म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला ठाऊक होतं... उठताना म्हणाली, "कुणी तक्रार करायचीच नाय. दिसंल असं करायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं वॉर्डाच्या व्हरांड्यात ओळीनं खिळे ठोकून घेतले आणि बिनमाणसाचे एप्रन त्यावर टांगले. नियम एकच. मावशीचं काम जो करील, तो ठेकेदाराचा एप्रन घालील. मग नर्स असो, सासू असो, नाहीतर डॉक्टर. लोक हसले. सुपरवायझरही हसला. त्याचं हसू वरिष्ठ अधिकारी पाहणीला येईपर्यंत टिकलं.

त्या सकाळी तो शेजारच्या वॉर्डातल्या मावश्या घेऊन धावत आला. "सिस्टर, यांना एप्रन द्या. साहेब गेले की परत नेतो." अक्कानं त्यांना दारातूनच माघारी पाठवलं. "तिथल्या बाळंतिणींनी काय करायचं? मला उसनं माणूस नको." आणि खिळ्यावरचा एप्रन काढून पांढऱ्या गणवेशावर स्वतः चढवला. साहेब आले तेव्हा ती फरशी पुसत होती. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब, त्यांनी मोठ्या मायेनं विचारलं, "काय मावशी, पगार वेळेवर होतो ना?" अक्का ताठ उभी राहिली. "मी इथली इन्चार्ज सिस्टर आहे, साहेब. ठेकेदाराचं माणूस आलं नाही, म्हणून त्याचं काम करतेय." साहेबांनी पलीकडं बादली घेतलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. तोही निळ्या एप्रनमध्ये. "मी पेशंटचा सासरा हाय," तो म्हणाला. "सून आत हाय." सोबत आलेल्या दवाखान्याच्या अधीक्षकांचा चेहरा कसा झाला होता, ते वॉर्डातली हमीदामावशी पुढं कित्येक वर्षं नक्कल करून दाखवायची.

अक्काला कारणे दाखवा नोटीस आली. मेट्रनची खुर्ची हाताशी आलेली, ती दुसरीला गेली. पण तक्रार कुणीच केली नव्हती, त्यामुळं काढायचं कुणाला, हे ठेकेदाराला कळेना. त्या आठवड्यापासून नव्या मावश्या येऊ लागल्या, त्याही रोज येणाऱ्या, उसन्या नाहीत, आणि शोभा-हमीदा आपल्या जागी राहिल्या. मीच चिडले होते. "तुला काय मिळालं गं यातून?" तर म्हणाली, "मेट्रनला एसीत बसावं लागतं. मला त्यानं सर्दी व्हती." असली बाई. तेव्हा राग आला होता, आज ऊर भरून येतो.

आता तिच्या जाण्याच्या दिवसाचं सांगते. हर्सूलच्या घरासमोर माणूस मावत नव्हतं. वॉर्डातल्या मावश्या आल्या, पण निम्म्याच. अक्का निवृत्त होऊन किती वर्षं झाली, हे ठाऊक असूनही मला वाईट वाटलं. मी शोभाला विचारलंच, "बाकीच्या नाही आल्या?" ती म्हणाली, "वॉर्डात हायेत, ताई. आम्ही माघारी गेलो की त्या निघतील. तेवढं थांबवा." डोळे पुसून, अक्काच्या पाया पडून त्या लगेच गेल्याही. इकडं पुरुषमंडळींची घाई सुरू झाली. ऊन चढतंय, किती वेळ ठेवायचं... मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, थांबायचं.

तासाभरानं दुसऱ्या रिक्षा आल्या. सगळ्यांत शेवटी हमीदामावशी उतरली, थकलेली, धापा टाकत. अक्काच्या पायांवर हात ठेवून वाकली आणि तिला ऐकू जावं अशा बेतानं म्हणाली, "वार्ड खाली नै छोडे, सिस्टर."

मग आम्ही अक्काला उचललं.