बांगड्याचे काटे

आमच्या घरात पुरुषांच्या ताटात मासा पडतो तो काटे काढून. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, नवऱ्याचा हात दुखतोय. हात कसला दुखतोय! चांगला धडधाकट माणूस, हातखंब्याला स्वतःचं दुकान, आणि सासूबाई शेजारी बसून त्याच्या बांगड्याचे काटे काढतायत. त्या गुहागरला लेकीकडे गेल्या की ताट माझ्याकडे सरकतं. तेव्हा माझं डोकं असं फिरतं की सांगायची सोय नाही.

निदान मुलाचं तरी असं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं. तो आता दहावीत आहे, मिसरूड फुटलंय. परवाच्या रविवारी मी त्याच्या ताटात तळलेला अख्खा बांगडा ठेवला आणि म्हटलं, "आजपासून तुझे काटे तू काढायचे."

"अगो, घशात अडकला म्हंजे?" सासूबाईंचा हात लगेच पुढे.

"आणि नातीच्या घशात नाही का अडकत?"

मुलगी चौथीत आहे. तिला कोणी कधी काटे काढून दिले नाहीत, म्हणून ती आपली आपण शिकली.

"तिला उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय. तिला यायलाच हवं," सासूबाई म्हणाल्या.

"दे ना काढून. जेवताना कशाला तमाशा?" हे नवरा. त्याचा बांगडा एव्हाना साफ होऊन ताटात पडला होता!

"कोणी हात लावायचा नाही," मी ओरडलेच. मुलगा फुगला, सोलकढी-भात खाऊन उठला, मासा तसाच टाकला. उठू दे मेल्याला! एक वेळ मासा नाही खाल्ला म्हणून कोणी मरत नाही.

मागचं आवरायला स्वयंपाकघरात गेले, तर मुलगी ओट्याशी पाठमोरी उभी. दादाने टाकलेला बांगडा वाटीत घेऊन एकेक काटा वेचून काढत होती.

"दादाला भूक लागेल ना," ती म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत राहिली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिला खाली बसवलं, वाटी तिच्या पुढ्यात ठेवली. "हे तू खायचंस. सगळं."

"पण मी माझा खाल्ला, आई." तिचे डोळे भरले.

"मग हाही खा," मी म्हटलं, आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिच्यासमोरून हलले नाही.