करड्या रंगाची वाडी

पनवेलच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई दरडींचा अंदाज बांधतात. जुन्या दरडींच्या नोंदी संगणकाला शिकवायच्या, मग तो नकाशावर डोंगर रंगवतो. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे निर्धोक. नळाला पाणी येईल का विचारलं, तरी ताई म्हणतात, "येण्याकडे कल आहे."

यंदा डोंगरावरची एक आदिवासी वाडी हिरवी निघाली. दरड रस्त्यावर पडली तरच तिची नोंद होते, आणि या वाडीला रस्ताच नाही, म्हणून नोंदही नाही. ताईंनी तिला करडा रंग दिला, म्हणजे माहिती नाही.

"लाल करा ना. पावसाआधी माणसं हलवतील तरी," मी चिडून म्हणालो.

"लालला पुरावा नाही रे माझ्याकडे."

ताईंच्या कार्यालयातल्या साहेबांनी वाडी पुन्हा हिरवी केली. ताईंनी नकाशावरून स्वतःचं नाव काढायला लावलं. मला ते फार मवाळ वाटलं.

रविवारी त्यांच्याबरोबर वाडीवर गेलो. धापा टाकत त्या तिथल्या लोकांना म्हणाल्या, "नकाशात तुम्ही सुरक्षित आहात. त्यावर विसंबू नका."

"मंग आमी जायाचं कुठं?" लाकडं रचणारी बाई म्हणाली.

"ते मला नाही सांगता येत. आधी कुठे माती सरकली होती, दाखवता?"

बाई चढणीला लागली. ताई गुडघ्यांवर हात टेकत तिच्यामागे निघाल्या.