उलट्या गावातली तुळस

आता काय सांगू तुम्हाला, हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि हौसेने नाटकांचं नेपथ्य करतो. रत्नागिरीतल्या स्पर्धेत तीन वर्षं ओळीने नेपथ्यात दुसरा आलोय. यंदा पहिलं बक्षीस आणायचंच, असं घरी सांगूनच बाहेर पडलो होतो. नाटकही तसंच मिळालं, मुलांच्या एका गोष्टीवरून केलेलं. एका गावात सगळं उलटं असतं, घरं आढ्याला लटकलेली. मध्यंतरानंतर एक मुलगी ते गाव सरळ करते.

कामाला पालीचे अण्णा सुतार. त्यांनी घरं, विहीर, बैलगाडी, सगळं उलटं टांगलं. तुळशीवृंदावन पुढे केलं तर हात मागे.

"गुरुजी, तुळस काय मी उलटी टांगनार नाय."

"अण्णा, प्लायवूडची आहे ती."

"असूदे. तुळस ती तुळस."

"मग मी टांगतो."

"टांगा. पाप तुमच्या माथी."

झालं, आमचा अबोला सुरू. मीही हट्टाला पेटलो. शिडीवर चढलो आणि हॉलच्या वाशाला तुळस अशी ठोकली, अशी ठोकली की वादळ आलं तरी हलू नये. अण्णा खालून नुसते बघत होते.

मध्यंतर झालं. अण्णांनी नटबोल्ट सोडले आणि पाच मिनिटांत गाव सरळ. अहो, नंतर काढायचं म्हणून त्यांनी सगळं बोल्टवर ठेवलं होतं. आणि मी? चार इंची खिळे मारून बसलो होतो! आता मी तुळशीला धरून लोंबकळतोय आणि तुळस ढिम्म.

घंटा झाली, मी विंगेत पळालो आणि पडदा उघडला. मुलगी हात पसरून म्हणाली, "बघा, आता सगळं सरळ झालं." अख्खा हॉल वर बघायला लागला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

नाटक संपल्यावर अण्णाच पकड घेऊन शिडीवर चढले. बरीच झटापट केली, मग घाम पुसत म्हणाले, "गुरुजी, पापसुद्धा इतका घट्ट चिकटत नाय हो."

नाहीच निघाली. पुढच्या संघाचं कोर्टाचं नाटक तिच्याखालीच झालं.

निकाल? मी दुसरा. परीक्षक म्हणाले, "तुळस सरळ करायची राहून गेली." पहिले ते कोर्टवाले. "न्यायाधीशाच्या डोक्यावर उलटी तुळस, काय धाडसी कल्पना!"

लोकांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. शेजारून अण्णा हळूच म्हणाले, "वाजवा, वाजवा. तुमचीच हाय."