ठाण्यातले पारायण

आत्मारामजी कापगते यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वर मान करून पाहिलेही नव्हते. एकोडीच्या शाळेवर मी नवा मास्तर म्हणून आलो होतो. आत्मारामजींच्या घराला लागून एक खोली रिकामी आहे असे कळले, म्हणून पेटी घेऊन त्यांच्या पडवीत उभा राहिलो. ते मोठ्याने पोथी वाचत बसले होते. समोर श्रोता म्हणून एक मांजर होती आणि तीही झोपलेली. मी नमस्कार केला, खाकरलो, पेटी मुद्दाम आपटून खाली ठेवली. खणखणीत आवाज चालूच राहिला. अध्याय संपला, पोथी कपाळाला लावून त्यांनी फडक्यात बांधली, आणि मग उठून माझी पेटी स्वतः आत नेली. "मास्तर, राग नका मानू," ते म्हणाले, "अध्याय अर्धा सोडत नाई मी." मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. हायवेवरच्या गावातली माणसे आम्ही, स्वतःला जरा शहाणेच समजतो. मनात म्हटले, घरमालक बरा भेटला!

आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात माझ्यासारख्या देव न मानणाऱ्याचा लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. पण माझे नाव खुद्द आत्मारामजींनीच सुचवले. "मास्तराले लिवू द्या. ते खोटं गोड नाई लिवत," असे ते संपादक मंडळाला म्हणाले म्हणे. तेव्हा मला आता खरे गोड लिहिणे भाग आहे, आणि सुदैवाने ते भरपूर आहे.

आत्मारामजी मुळात धानाचे शेतकरी. गावतलावाखाली त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे आहेत आणि तलावाच्या पाण्यावरून भांडण झाले की ते त्यांच्यापुढेच येते. एका वर्षी पाणी कमी होते. त्यांचा सख्खा पुतण्या आणि शेजारचा शेतकरी असे दोघेही पहिली पाळी मागत तलावाच्या बांधावर हातघाईवर आले. आत्मारामजींनी पुतण्याला शेजाऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत गप्प बसवले, मग पुतण्याचेही सगळे ऐकले आणि पहिले पाणी शेजाऱ्याला सोडले. पुतण्याने धान कापणीपर्यंत काकांशी अबोला धरला. "धरू द्या. त्याचं आयकलं ना मी पुरं?" एवढेच ते म्हणाले.

श्रावणात देवळात पोथी लावण्याचा मान कित्येक वर्षे त्यांचाच. वाचायचे, थांबून अर्थ सांगायचा, पुन्हा वाचायचे. एक ओवी गाळायची नाही. त्यामुळे त्यांची पोथी लांबते आणि खांबांना टेकलेले श्रोते एकेक करून आडवे होतात. हे मी पहिल्याच श्रावणात पाहिले आणि माझे हात शिवशिवू लागले.

आणीबाणी उठून तेव्हा फार काळ झाला नव्हता. आता माणसाने मनातले बोलावे, छापावे, अशी हवा होती आणि ती माझ्या चांगलीच डोक्यात गेली होती. 'फलश्रुतीची फळे' नावाची एक पुस्तिका मी लिहिली आणि भंडाऱ्याला जाऊन छापून आणली. पोथीच्या शेवटी जी फलश्रुती असते, की ही पोथी वाचा, म्हणजे मूल होईल, धन येईल, आयुष्य वाढेल, तिच्यावर ती होती. एका प्रकरणात झोपलेल्या श्रोत्यांना पुण्य वाटणाऱ्या एका पोथीवाचकाचे चित्र होते. नाव नव्हते, पण एकोडीत नाव लागतच नव्हते. मजकुरातले काहीही मी आजही मागे घेत नाही. मात्र पुस्तिका तालुकाभर वाटताना शेजारच्या पडवीत एक प्रत टाकायचा धीर मला झाला नाही.

मग जे व्हायचे ते झाले. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार गेली, पोलिसांनी खोलीतल्या आणि शाळेतल्या प्रती उचलल्या, आणि पुस्तिकेवर सरकारने कायमची बंदी घालावी असा प्रस्ताव तयार होऊ लागला. बंदी आली की माझ्यावर खटला आणि शाळेतून छुट्टी, हे मला शिक्षण खात्याच्या साहेबांनी आधीच ऐकवून ठेवले होते. घरात बायको आणि रांगती मुलगी. त्या दिवसांत गावातल्या निम्म्या लोकांनी आमच्याशी बोलणे टाकले. आत्मारामजींच्या मंडळी मात्र नव्या धानाचे पोहे घेऊन आल्या आणि आमच्या मुलीला कडेवर घेऊन गावभर हिंडून आल्या. माझी बायको त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

प्रस्तावासाठी ठाणेदारांना प्रतिष्ठित माणसांचे जबाब हवे होते. अनेकांनी सह्या केल्या. त्यांपैकी कोणी पुस्तिका उघडलेलीही नव्हती. पण सगळ्यात वजनाची सही आत्मारामजींची, कारण टीका त्यांच्यावरच होती. त्यांना तालुक्याच्या ठाण्यात बोलावले. मलाही तिथे रोज हजेरी होती, त्यामुळे पुढचे सगळे मी बाकावर बसून स्वतः पाहिले आहे.

ठाणेदारांनी तयार जबाब पुढे सरकवला. "आत्मारामजी, इथं सही करा, की काम झालं."

"काय लिवलं आहे याच्यात?"

"तुमच्या धार्मिक भावना दुखावल्या म्हणून."

"पुस्तक वाचलं नाई मी. वाचल्याशिवाय कसं सांगू कुठं दुखलं ते? द्या, वाचून आनतो."

"जप्त माल आहे. बाहेर देता येत नाही."

"मंग इथंच वाचतो," असे म्हणून आत्मारामजींनी खिशातून चष्मा काढला, कोपऱ्यातल्या नळावर हातपाय धुतले आणि ठाण्याच्या व्हरांड्यात मांडी घालून बसले.

आता यातली गंमत अशी की आत्मारामजींना मनात वाचता येत नाही. लहानपणापासून वाचणे म्हणजे मोठ्याने, चालीवर, आणि थांबून अर्थ सांगत. सरकारला जी पुस्तिका कोणाच्या नजरेला पडू द्यायची नव्हती, ती खुद्द ठाण्यात खणखणीत आवाजात सुरू झाली! हवालदार येऊन टेकले. बैल चोरीला गेल्याची तक्रार द्यायला आलेला एक शेतकरी तक्रार विसरून ऐकत बसला. अध्याय अर्धा सोडायचा नाही, म्हणून ठाणेदारांचे जेवण खोळंबले. दुसऱ्या दिवशी आत्मारामजी सायकलवर पुन्हा हजर, श्रोते आदल्या दिवसापेक्षा जास्त. अर्थ सांगताना ते माझी बाजू माझ्यापेक्षा सोपी करून सांगत आणि मग, "आता हे मले काहून पटत नाई ते आयका," म्हणून तिचा समाचार घेत. बाकावर बसून मला आलटून पालटून फुगायला आणि ओशाळायला होत होते.

शेवटी पोथीवाचकाचे ते प्रकरण आले. त्यातल्या पहिल्याच ओळीला हवालदारांनी मान खाली घातली. "भाऊ, एवढं सोडा," ते हळूच म्हणाले, "पुढचं वाचा."

आत्मारामजींनी चष्म्यावरून पाहिले. "पोथीतली ओवी गाळत नाई मी. मले झोंबते मनून हे गाळू?"

आणि त्यांनी स्वतःवरची थट्टा, एक शब्द न खाता, चालीवर वाचली. झोपलेल्या श्रोत्यांपाशी आल्यावर मात्र त्यांना हसू आवरेना. "हे खरं आहे बाप्पा," ते म्हणाले, "मी वरतून रोज पायतो ना!" व्हरांडा हसला, ठाणेदारही हसले. मला मात्र हसू आले नाही. सही अजून व्हायची होती.

पुस्तिका संपली. ती त्यांनी सवयीने कपाळाला लावली, मग काय केले ते लक्षात येऊन माझ्याकडे पाहिले आणि खाली ठेवली. ठाणेदारांनी विचारले, "तर मग, भावना दुखावल्या?"

"दुखल्या. दोन ठिकानी. लिवा."

ठाणेदारांनी लेखणी उचलली.

"आनखी लिवा," आत्मारामजी म्हणाले. "दुखलं माझं, त बोलनारबी मीच. मास्तराले उत्तर द्यायले मी जिता आहो. पुस्तकच नेलं तुमी, त मी उत्तर कोनाले देऊ?"

ठाणेदारांनी तयार जबाब बाजूला सारून हा नवा जबाब शब्दशः लिहिला. खाली आत्मारामजींनी आपली ठसठशीत सही केली. त्या जबाबासह प्रस्ताव वर गेला आणि वरून नामंजूर होऊन परत आला. प्रती मला परत मिळाल्या. माझी नोकरी राहिली.

आत्मारामजींना याची किंमत मोजावी लागली. तक्रार करणारी मंडळीच देवळाची कर्तीधर्ती. त्या श्रावणात त्यांनी पोथीला परगावचा वाचक आणला. आपल्या जागेवर दुसरा माणूस बसलेला पाहत आत्मारामजी रोज श्रोत्यांत बसले. मला राहवेना, पण ते माझीच समजूत काढत. "झोपलो नाई बरं का, मास्तर," घरी येऊन डोळे मिचकावत सांगत. परगावचे वाचक घाईचे होते, ओव्या गाळत. गावाने ते एक श्रावण सोसले. पुढच्या श्रावणात म्हाताऱ्या बायकांनीच देवळात बैठक मारून आत्मारामजींना परत आणले.

परत आल्यावर त्यांनी एक अट घातली. पोथी संपल्यानंतरची एक संध्याकाळ मास्तरांची. त्याच पाटावर बसून मी पोथीवर हवे ते बोलायचे, ते ऐकणार, मग ते उत्तर देणार. ही संध्याकाळ आजतागायत चालू आहे. आम्ही एकमेकांना काडीचेही बदललेले नाही. पण त्या संध्याकाळी देवळात कोणी झोपत नाही, हे मी माझ्या बाजूने नमूद करतो.

यंदा श्रावणाच्या तोंडावर त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी वाचायची मनाई केली. आता पोथी कोण वाचणार? आत्मारामजींनी माझ्याकडे बोट केले. मी हसण्यावारी नेले. "काहून? न पटनारं मोठ्यानं वाचता येत नाई?" ते म्हणाले. माझे पुस्तक ज्यांनी ठाण्यात वाचले, त्यांना नाही कसे म्हणू? मी वाचले. हिरवी पट्टी डोळ्यावर बांधून ते शेजारी बसत आणि अर्थ सांगत. शेवटच्या दिवशी फलश्रुती आली, आणि जिच्यावर मी अख्खे पुस्तक लिहिले तिच्यापाशी माझी जीभ अडखळली.

"मास्तर," पट्टीखालून आवाज आला, "गाळू नका."

मी एकही ओवी गाळली नाही. ऐकणाऱ्याला आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभेल असे सांगणारी एक ओवी त्यात आहे. तसल्या आश्वासनांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण शेजारी आत्मारामजी ऐकत होते, म्हणून ती तेवढी मी दोनदा वाचली.