एका ताटलीचा फोटो

इटलीत मी एकदाच पोटभर जेवले, आणि ते जेवण माझ्या नवऱ्याने ढापलं. तेही चारचौघांत, माझ्या शेजारी बसून.

आम्ही दुबईत करामाला राहतो. इटलीला गेलो ते मात्र मुंबईहून आलेल्या टूरबरोबर, कारण त्यांच्यासोबत आपला आचारी असतो. परदेशात पोटाचे हाल नकोत, हा नवऱ्याचा हट्ट. त्यामुळे आठवडाभर आम्ही इटली पाहिली आणि पुरी-बटाट्याची भाजी खाल्ली. व्हेनिसला श्रीखंड निघालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढे पैसे खर्चून आपण कुणाच्या तरी मुंजीला आलोय, असं मला वाटलं.

रोममध्ये एका दुपारी मोकळा वेळ मिळाला. नवरा म्हणाला, "पाय दुखतायत, मी बसमध्येच पडतो." मुलगी तेव्हा लहान होती, ती त्याच्या मांडीवर झोपलेली. मी एकटीच एका गल्लीत शिरले. चार टेबलांची खाणावळ दिसली. मेनूतलं काही कळेना, म्हणून शेजारच्या माणसाच्या ताटलीकडे बोट दाखवलं. आला तो अगदी साधा पास्ता, वर चीज आणि भरडलेली मिरी, बस्स. पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले. लग्नानंतर प्रथमच मी कुणाला न वाढता, कुणाच्या ताटात काय संपलं ते न बघता जेवत होते. शेवटी मालकिणीने पावाचा तुकडा आणून ठेवला आणि ताटली पुसून खा, अशी खूण केली. मी पुसून खाल्लं आणि त्या लख्ख ताटलीचा फोटो काढला.

बसवर परतायला मला उशीर झाला. उशिरा येणाऱ्याने माईकवर गाणं म्हणायचं, असा टूरचा नियम होता. मी म्हटलं. बस हसली. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. परतीच्या विमानात मात्र त्याने विचारलं, "एवढं काय खाल्लंस तिथे?" मला वाटलं, राग गेला वाटतं. मी मिरीपासून पावापर्यंत सगळं रंगवून सांगितलं.

दुबईत आल्यावर त्याने ते सांगायला सुरुवात केली. आधी 'आमच्या हिने' खाल्लं होतं. मग 'आम्ही' खाल्लं. वर्षभरात 'मी' खाल्लं. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच. पुढे तर मी घाबरून वरणभात मागत होते, असंही त्यात आलं. मी एकदा घरी म्हणाले, "अरे, तू तर बसमध्ये होतास." तो म्हणाला, "लोकांना काय फरक पडतो?"

मला पडत होता. या देशात माझ्या नावावर काही नाही. व्हिसा त्याच्या नोकरीवर, घराचा करार त्याच्या सहीचा. ते जेवण तेवढं माझं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. साहेबांनी हो म्हटलं तर आम्ही तिघं राहणार, नाहीतर मुलीच्या दहावीच्या वर्षातच सामान बांधायचं. म्हणून त्याने साहेब आणि त्यांच्या बायकोला दुबई मरिनातल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं. मी आणि मुलगीही बरोबर होतो. मेनू येताच त्याने रोम सुरू केलं. पुरावा म्हणून माझ्याच फोनमधला तो फोटो शोधून दाखवला.

साहेबांची बायको म्हणाली, "लेकिन प्लेट तो एक ही है?"

आता बोल काय बोलतोस, असं मी मनात नवऱ्याला म्हटलं.

"मॅडम ने तो हाथ ही नहीं लगाया," तो म्हणाला. "डर गई थी."

सगळे हसले. मुलगीही हसली. "मॉम, दॅट्स सो यू!"

रागात मला हिंदी सुचत नाही. मी मराठीत म्हणाले, "ती ताटली मी पुसून खाल्ली होती. तू बसमध्ये घोरत होतास."

मुलीचं हसू थांबलं. साहेबांनी विचारलं, "क्या कह रही हैं भाभीजी?"

"कह रही है, आज जरूर ट्राय करेगी," नवरा म्हणाला. "इन्शाल्ला."

राग ओसरला की हिंदी मला चांगली येते. तिथल्या तिथे सगळं सांगता आलं असतं. पण साहेब खुशीत होते आणि मुलगी आळीपाळीने माझ्याकडे आणि बापाकडे बघत होती. चीड आली ती त्याची, आणि त्याहून जास्त त्या व्हिसाची.

पास्ता आला. तोच, चीज आणि मिरीचा. साहेबांच्या बायकोने प्रेमाने ताटली माझ्यापुढे सरकवली. "खाओ भाभीजी, डरो मत."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काटा उचलला, घास घेतला आणि जन्मात पहिल्यांदाच चाखत असल्यासारखे डोळे मोठे केले.

"देखा?" नवरा म्हणाला.