आरोपीस तारखेचे विस्मरण झाल्याने

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही. मोर्शीला दिलेल्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर माझ्या पोटातलं सगळं ठाऊक असतं. दोनतीनदा अगदी ओठावर आलं होतं, मग चहा टाकते म्हणून उठले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या कोर्टाच्या आवारात माझ्याकडे बोट दाखवणार नाही. म्हणजे बघा, इथेही मी माझीच सोय पाहिली.

मी अकोल्याला एका वकील साहेबांची क्लार्क आहे. मुन्शी म्हणा. बाईमाणसाला मुन्शी म्हणायला लोकांना जड जातं, म्हणून सगळे ताई म्हणतात. कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली आमचं टेबल आहे. साहेबांकडे शेतीचे दावे, वाटण्या, मारामाऱ्या. चलानची कामं मात्र माझ्यावर. गाडीत माणसं जास्त भरली, सिग्नल तोडला, कागद नव्हते — पोलीस लायसन्स जमा करून पावती देतात, केस कोर्टात येते, तारीख पडते. तारीख चुकवली की पकड वॉरंट. एकदा वॉरंट निघालं की साध्या दंडावर भागणारी गोष्ट लायसन्सवर येते. आणि ड्रायव्हरचं लायसन्स गेलं तर त्याच्याकडे राहतं काय?

हे लोक दर तारखेला येऊ शकत नाहीत, एक दिवस गाडी उभी राहिली तर मालक दुसरा माणूस बसवतो. म्हणून बहुतेक वेळा मी हजेरी माफीचा अर्ज टाइप करायची, साहेब सही करायचे, पुढची तारीख मिळायची. आरोपीने स्वतः यायचंच असेल त्या दिवसाची मी चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर फक्त वार, तारीख आणि कोर्टाच्या खोलीचा नंबर. नाव लिहायचं नाही, अशी पद्धतच होती. चिठ्ठ्या गाडीत काचेपाशी पडून असतात, मालकाने पाहिली तर उगाच डोक्याला ताप. चिठ्ठी कोणाची ते मला माहीत, त्याला माहीत. बास.

आणि मी चुकत नव्हते. हे नीट ऐका, कारण सगळं इथूनच सुरू होतं. इतकी वर्षं झाली, माझ्याकडची एक तारीख हुकली नव्हती. स्टँडवर म्हणायचे, पंचांग चुकन पण ताई चुकायची नाही. मला ते ऐकायला आवडायचं — खोटं कशाला बोलू — जेवणापेक्षा जास्त आवडायचं. विसरभोळ्या माणसांचा मला राग यायचा. शेजारच्या टेबलावरच्या काकांची एकदा एक तारीख राहून गेली, तर आठवडाभर मी त्यांना सोडलं नाही. रोज सकाळी सगळ्यांदेखत विचारायची, "काका, आज वार कोणता हाय, तेवढं तरी ध्यानात हाय ना?" शेड हसायचं. काकाही हसायचे, पण दुसरीकडे बघून.

देवमनभाऊ बार्शीटाकळी ते अकोला काळीपिवळी जीप चालवायचे. गाडी मालकाची, हात यांचे. पन्नाशीचे असतील तेव्हा. बोलणं कमी. पण त्या रस्त्यावरच्या अर्ध्या घरांची कामं त्यांच्या डोक्यात असायची. कुणाच्या सासूच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचं मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकलेलं, मास्तरीणबाईंचा ब्लाउज शिंप्याकडून आणायचा, वांग्याचं बी कोणत्या दुकानातून. कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ. संध्याकाळच्या फेरीला ज्याचं त्याला बरोबर उतरवून द्यायचे. मी एकदा म्हटलं, लिहून का ठेवत नाही? तर म्हणाले, "लेयलं का डोकं आळशी होते, ताई." आम्ही दोघं एका जातीची माणसं आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं.

बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाडीत सोळा माणसं सापडली. लायसन्स जमा झालं. केस आली, एकदोनदा अर्जावर पुढे ढकलली, मग कोर्ट म्हणालं, आरोपीला हजर करा. तारीख मंगळवारची पडली. त्याच वेळी पातूरच्या एका ड्रायव्हरलाही तारीख मिळाली, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. दोघंही टेबलापाशी उभे होते. मी कोणाशी तरी बोलत होते, स्टॅम्पवरून वाद चालला होता — आणि न बघता हात पुढे केले. याची चिठ्ठी त्याला, त्याची याला.

चूक एवढीच. ही चूक तर कुणाचीही होऊ शकते, नाही का? मीही स्वतःला हेच सांगत आले. पण मी चुकीबद्दल सांगायला बसलेली नाही.

मंगळवारी अकराच्या सुमारास पातूरचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला. मी त्याच्यावर खेकसले — तुमची तारीख पुढच्या आठवड्यात, आज कशाला तडमडलात? त्याने चिठ्ठी पुढे केली. मंगळवार. माझं अक्षर. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाची उचलली तुम्ही, आणि त्याला नवी लिहून देऊन वाटेला लावलं. मग डायरी उघडली. मंगळवार, देवमन, बार्शीटाकळी.

पावणेबारा वाजले होते. घड्याळ मी पाहिलं होतं, म्हणून म्हणते. बार्शीटाकळी काही लांब नाही. आमची केस बोर्डावरच्या यादीत खाली होती, जेवणाच्या सुट्टीनंतरच पुकारा होणार होता. एक फोन केला असता तर देवमनभाऊ दोनच्या आत दारात उभे असते. फोन माझ्या हातात होता. नंबर पाठ होता.

मी फोन केला नाही.

का? साहेब त्या दिवशी अमरावतीला गेले होते. भाऊंना बोलावलं तरी उभं राहायला कोणीतरी वकील लागणार, म्हणजे शेजारच्या टेबलावर जाऊन सांगावं लागणार — आमची तारीख चुकली, जरा बघता का? काकांना सांगावं लागणार. ते काय म्हणाले असते? बहुधा काहीच नाही. चष्मा काढून उठले असते आणि त्यांच्या साहेबांना घेऊन आत गेले असते. पण मला शेड हसलेलं ऐकू यायला लागलं. मी स्वतःशी म्हटलं, एखादी गैरहजेरी कोर्ट चालवून घेतं, पुढची तारीख देतात. देतातही बरेचदा. त्या दिवशी दिली नाही. दुपारी त्यांच्या नावाचा पुकारा झाला, तीनदा. शिपायाचा आवाज शेडपर्यंत येतो. मी एक भाडेकरार टाइप करत होते, तो तसाच करत राहिले.

नऊ दिवसांनी देवमनभाऊ आले. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी ती उचलली, पाहिल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हे चिठ्ठी तुमची नोहे, भाऊ. तुमची मंगळवारची होती. वॉरंट निघालं तुमच्यावर."

त्यांना कळेचना. मले तं हेच देली होती तुमी, म्हणाले. मी म्हटलं, नाही. स्टँडवर कोणाशी तरी अदलाबदल झाली असेल. मी तर तोंडीही सांगितलं होतं, मंगळवार म्हणून. आठवत नाही?

तोंडी मी काहीही सांगितलं नव्हतं.

ते उठून गाडीकडे गेले. मी शेडमधून पाहत होते. सीटखाली पाहिलं, काचेपाशी पाहिलं, पायपुसणं उचलून झटकलं. कागदांची प्लास्टिकची पिशवी बोनेटवर रिकामी केली आणि एकेक कागद उघडून पाहिला. अर्धा तास तरी. नसलेली चिठ्ठी शोधत होते. मग परत आले नि म्हणाले, "असन ताई. माह्याच ध्यानातून गेलं असन. तुमी तं चुकत नाही."

तुम्ही म्हणाल, इथे तरी बोलायचं होतं. हो. इथे तरी.

मी वॉरंट रद्द करायचा अर्ज टाइप केला. कारण लिहावं लागतं. मी लिहिलं — आरोपीस तारखेचे विस्मरण झाल्याने तो नेमल्या तारखेस हजर राहू शकला नाही. आजारपण लिहिता आलं असतं, गाडी बंद पडली लिहिता आलं असतं. दर अर्जात तेच लिहितात. पण मला ते कागदावर हवं होतं, त्यांच्या सहीनिशी. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सावकाश सही केली, पूर्ण नाव लिहून.

आत मॅजिस्ट्रेट साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, विसरलात? भाऊ म्हणाले, हो साहेब. साहेब चिडले होते. म्हणाले, सोळा माणसं घेऊन रस्त्यावर निघता आणि कोर्टाची तारीख विसरता, उद्या ब्रेक विसराल. गुन्हा कबूल केला होताच. दंड झाला आणि लायसन्स सहा महिने निलंबित. गाडीवर आठवड्याभरात मालकाचा भाचा बसला.

सहा महिने काय, निघून जातात. मीही तसंच धरून चालले होते. लायसन्स परत मिळालं की भाऊ दुसरी गाडी धरतील, विषय संपेल. सहा महिने झाले, ते आले नाहीत. निरोप पाठवला, आले नाहीत. पातूरचा तोच ड्रायव्हर एकदा चहाच्या टपरीवर भेटला — त्याला त्या चिठ्ठीचा कधी संशयसुद्धा आला नाही — तो म्हणाला, देवमन आता कापसाच्या जिनिंगवर गेटाशी बसते, गाडीले हात लावत नाही.

गेल्या वर्षी त्यांची बायको त्यांना घेऊन आली. लायसन्सची मुदत संपत आली होती, नूतनीकरणाचे कागद करायचे होते. भाऊ बाकावर बसले. खिशात दोन छोट्या वह्या, पेनाला दोरा बांधून गळ्यात अडकवलेला. बाई माझ्या जवळ सरकून हळूच बोलू लागली, पण एवढ्याशा शेडमध्ये हळू कुठलं. डॉक्टरकडे नेलं होतं म्हणाली, अमरावतीपर्यंत नेलं, डोक्याचा फोटो काढला, काही निघालं नाही. तरी हे दारं तीन तीन वेळा पाहतात. भाजी आणायला वहीत लिहून नेतात. नातवाला शाळेत सोडायला जात नाहीत, कुठे विसरून आलो तर म्हणून. "तुमचंच आयकतात थे. तुमीच सांगा ना यायले, ताई. काहीच नाही झालं म्हना तुमाले, चालवा गाडी."

भाऊंनी ऐकलं. म्हणाले, "ज्याले कोर्टाची तारीख ध्यानात रायली नाही, त्याच्या हाती जीव कसे द्यायचे लोकायनं?" रागाने नाही. हिशेब समजावून सांगावा तसं.

दोघंही माझ्याकडे पाहत होते. शेडमध्ये चारच माणसं. काका आता येत नाहीत, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. हसणारं तिथे कोणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं — भाऊ, तुम्ही विसरला नव्हता, चिठ्ठी मी चुकवली. सात-आठ शब्द. दिवसभर दुसऱ्यांसाठी पानंच्या पानं टाइप करते मी.

मी म्हटलं, "वय झालं की होते असं, वहिनी. जबरदस्ती नका करू."

भाऊंनी मान हलवली आणि बायकोला म्हणाले, "पाह्य, मी सांगत होतो ना. ताईले मालूम हाय."

नूतनीकरणाचे कागद भरलेच नाहीत. कोरा फॉर्म बाईने नीट घडी घालून पिशवीत ठेवला. शेडला बाहेर पडायला तीन पायऱ्या आहेत. उतरताना तिने त्यांचा दंड धरला. या माणसाने वीसेक वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवली होती, पाय धडधाकट होते, नजर चांगली होती. त्यांनी तिला दंड धरू दिला, आणि पायाखाली बघत, एकेक पायरी मोजून उतरले.