ठेवली तिथं राहणारी लेन्स

कृष्णकांत खळदकर तसा मवाळ माणूस. मूळचा कऱ्हाडचा. वडिलांची लष्करातली बदली चंडीमंदिरला झाली आणि हा चंदीगडचाच होऊन बसला, एका इंग्रजी दैनिकात फोटोग्राफर म्हणून चिकटला. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. पण एकदा प्रेस क्लबात एक पाहुणा आपोआप फोकस करणाऱ्या लेन्सचे गोडवे गायला लागला, तेव्हा याच खळदकरानं ती त्याच्या हातातून हिसकावून भिंतीवर आपटली. काचा पार टेबलाखाली गेल्या. पाहुण्याची माफी सुनेत्रानं, म्हणजे त्याच्या बायकोनं मागितली. यानं नाही मागितली, आणि माझ्या मते बरोबरच केलं.

गोष्ट त्याआधीची, नव्वद सालची. पंजाब पेटलेला होता. सकाळी सकाळी ऑफिसचा फोन आला की सुनेत्रा एकच प्रश्न विचारायची, "किती?" मेलेल्यांचा आकडा ऐकायची आणि मग चहा टाकायची. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात, ती अशी.

त्याच सुमारास भसीनसाहेबांनी, म्हणजे त्याच्या संपादकांनी, नवा कॅमेरा मागवला. बोटानं बटण अर्धं दाबलं की लेन्स गुरगुरत स्वतःच फोकस शोधायची. "खळदकरजी, वह पुराना लोहा अब घर पे रखो," भसीन म्हणाले. लोहा म्हणजे त्याच्या वडिलांची लेन्स. तिची कडी हातानं फिरवायची. काळा रंग उडून आतलं पितळ दिसायला लागलेलं. पण तिचं एक होतं: कडी जिथं ठेवाल तिथं राहायची. एखाद्या वस्तूवर फोकस लावा, कॅमेरा हवा तिकडे वळवा, बोट काढून हवं तितकं थांबा. लेन्स तुमचा शब्द मोडत नसे. वरिष्ठांपुढे शहाणपण चालत नाही. कृष्णकांतनं ती कपाटात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी बनूड गावाच्या पलीकडे अतिरेक्यांनी बस अडवली.

तो पोचला तेव्हा पोलीस नुकतेच येत होते. उतारूंपैकी पुरुषांना वेगळं काढून रस्त्याकडेला रांगेनं बसवलं होतं आणि बसल्या जागीच गोळ्या घातल्या होत्या. माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडलेली. एकाच्या डब्यातले पराठे रक्तात भिजलेले. चपला मात्र सगळीकडे, जणू देवळाबाहेर काढून ठेवल्यात. प्रेतांच्या मधोमध एक म्हातारी बसली होती. एका मरणाऱ्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. तो केव्हाच गेला होता, हिच्या ते लक्षातच नव्हतं.

तिचं नाव भजन कौर. शेजारच्याच उसात ती चारा कापत होती. कृष्णकांत जवळ गेला तसा तिनं त्याचा हात धरला. "वे पुत्तर, इक मुंडे नूं मैं पछाण लेया. नाल दे पिंड दा है." मारणाऱ्यांतला एक पोरगा शेजारच्या गावचा होता, आणि तिनं त्याला ओळखलं होतं. त्यानं तिला पाहिलं नव्हतं. "मेरा मूंह ना आवे अखबार विच."

"नहीं आएगा, बीजी. पक्का."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला चपलांचाच फोटो हवा होता. पुढे चपला धारदार, मागे म्हातारी धुरकट, नुसता एक पांढरा आकार. असे फोटो त्यानं आयुष्यभर काढले होते. पुढच्या चपलेवर फोकस लावला, कॅमेरा उचलून चौकट जुळवली. तेवढ्यात एक शिपाई आडवा आला. कृष्णकांतनं सवयीनं बोट काढलं, तो जाईपर्यंत थांबला आणि पुन्हा दाबलं. लेन्स गुरगुरली. त्यानं ऐकलं, पण तोवर बटण पुरतं दाबलं गेलं होतं. बोट सुटताच ही नवी लेन्स आधीचं सगळं विसरते आणि चौकटीच्या मध्यावर जे असेल त्याला धरते, हे ऑफिसात सांगितलं होतं त्याला. मध्यावर भजन कौर होती.

रोल ऑफिसच्या जीपमधून पुढे गेला. तो जखमींबरोबर हॉस्पिटलात गेला.

सकाळी पहिल्या पानावर चपला धुरकट होत्या. भजन कौरच्या गालावरचा रक्ताचा थेंबसुद्धा मोजून घ्यावा इतका साफ होता. सुनेत्रानं पेपर पाहिला; म्हातारीला दिलेला शब्द त्यानं रात्रीच तिला सांगितला होता. "अहो, हिला तर तुम्ही..." तो स्कूटरला किक मारून निघालासुद्धा.

भजन कौर अंगणात म्हशीला आंबोण देत होती. त्यानं पाय धरले. "बीजी, माझ्या घरी चला. आत्ता. सून, नातवंडं, सगळेच चला." तिनं आधी पेपर मागितला. उलटासुलटा करून पाहिला. जन्मात तिचा फोटो कुणी काढला नव्हता. "मैं ऐनी बुड्ढी हो गई?" ती हसली. त्याला रडू कोसळलं. म्हैस आज-उद्या व्यायची होती, ती टाकून कशी येणार म्हणाली. रेडकू झालं की येते. त्यानं विनवण्या केल्या, शेवटी ओरडलासुद्धा. पोलीस चौकीत गेला, तर तिथं त्याला खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही.

म्हैस व्यायली त्याच संध्याकाळी ते आले. म्हातारीला गोठ्यातून केसांना धरून ओढत आणलं. सून मध्ये पडली, तिच्या हातावर बंदुकीचा दस्ता घातला, हाड मोडलं. अंगणातच, नातवंडांच्या डोळ्यांदेखत, भजन कौरच्या चेहऱ्यावर गोळ्या झाडल्या. चेहऱ्यावरच. ओळखायला काही उरू दिलं नाही.

बातमी कळली तेव्हा कृष्णकांतनं नवा कॅमेरा भसीनच्या टेबलावर आदळला. कपाटातून वडिलांची लेन्स काढली आणि पुन्हा कधी दुसरी लावली नाही. पोरं विचारतात, सर, जुन्या लेन्सचा रंग वेगळा येतो का, तिच्यात काही जादू असते का? तो म्हणतो, हो, असते. काय सांगणार त्यांना?

भोगाच्या अरदासीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या प्रार्थनेच्या, आधी सून चंदीगडला आली, हात गळ्यात बांधलेला. शिव्या द्यायला आली असेल, असं त्याला वाटलं. त्या द्याव्यात म्हणून तो दारातच मान खाली घालून उभा राहिला. तिला फक्त फोटो हवा होता. पेपरमधला, पण मोठा. बीजींचा दुसरा फोटोच नव्हता घरात.

त्यानं स्वतःच्या हातानं तो डार्करूममध्ये मोठा केला. प्रेतं कापली, चपला कापल्या, नुसता चेहरा ठेवला. सुरकुती न् सुरकुती वर आली.

सुनेनं फ्रेम केलेला फोटो मांडीवर घेतला, चांगल्या हातानं ओढणीनं काच पुसली आणि म्हणाली, "कितना साफ आया है, भाईसाहब. आपने बड़े ध्यान से खींचा है."